दहा मिनिटं पुढे

विमानातून उतरल्यापासून घड्याळजींचा उजवा हात कोटाच्या खिशातून फारसा बाहेर आला नव्हता. सुनेला वाटलं, इथली थंडी सोसत नाही; तिनं लोकरीचे हातमोजे आणून दिले. मुलाला वाटलं, परदेशात आल्यावर बाबांना जरा रुबाब चढलाय. खरं कारण दोघांनाही ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक होऊ नये म्हणून घड्याळजी जिवाचं रान करत होते. चहाचा कप ते दोन्ही हातांनी धरत आणि वर म्हणत, "ऊब छान लागते." कुठे सही करायची वेळ आली की त्यांचा चष्मा हरवे. सूप आलं की नेमकी भूक नसे.

हात थरथरत होता. नुसता मांडीवर ठेवला तर गुणी बाळासारखा पडून राही. पण चिमटा, सुई, पेन, चमचा, काहीही बारीकसं उचलायला गेलं की त्याच्या अंगात येई. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा वयाचा कंप आहे, औषधानं थोडा कमी होईल, जिवाला काही धोका नाही. जिवाला धोका नाही! बेचाळीस वर्षं ज्या माणसानं केसाहून बारीक स्प्रिंगा चिमट्यात धरल्या त्याचा जीव कुठे असतो, हे डॉक्टरांना कोण सांगणार? तिकडे घरी दुकान चालू होतं, म्हणजे सकाळी उघडत होतं. सेल बदलणं, पट्टे बसवणं, एवढंच. कुणी चावीचं घड्याळ आणलं तर घड्याळजी ते कानाला लावत, गंभीर होत आणि "याचा पार्ट आता मिळत नाही" म्हणून परत करत.

मुलाला सांगायला काय हरकत होती? हरकत एवढीच की मुलगा चांगला होता. वाईट मुलगा म्हणाला असता, "बरं, काळजी घ्या." चांगला मुलगा म्हणणार, "झालं, आता तिकडे एकट्यानं राहायचं नाही, इथेच राहा." आणि मग स्टुलाचा एक पाय आखूड असलेलं ते दुकान, समोरचा शिंपी, दुपारी जेवायला जायची ती सात मिनिटांची वाट, सगळं संपलं. परतीचं तिकीट आतल्या खिशात होतं. ते वापरायला मिळेपर्यंत झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि ती मूठ खिशात.

त्याच आतल्या खिशात खोकल्याच्या गोळ्यांची एक रिकामी पत्र्याची डबी होती. तिच्यात बायकोचं मनगटी घड्याळ, डोळ्याला लावायचं भिंग, एक चिमटा आणि बोटाएवढा स्क्रू ड्रायव्हर. बायको जाऊन सव्वा वर्ष झालं होतं. मुलानं आईच्या वस्तूंतलं हे एकच मागितलं होतं. बंद पडलंय म्हणून घड्याळजींनी दुरुस्तीला ठेवून घेतलं, ते अजून ठेवलेलंच.

घड्याळ साधंच, चावीचं, बोरीएवढ्या तबकडीचं. त्याची ख्याती वेगळीच होती. ते कायम दहा मिनिटं पुढे असे. घड्याळजींच्या धंद्याचा याहून मोठा अपमान कुणी केला नव्हता. त्यांनी ते वीसदा तरी बरोबर करून दिलं असेल, आणि वीसही वेळा बायकोनं संध्याकाळच्या आत काटा पुढे सरकवला. "अख्ख्या गावाची घड्याळं बरोबर चालवतात, आणि स्वतः जेवायला रोज अर्धा तास मागे," ती म्हणायची. "मग घरात कुणीतरी पुढे नको?" दुपारी तिचा दुकानात फोन यायचा तोही त्याच घड्याळावर बघून. घड्याळजी वैतागत, शटर अर्धं ओढत आणि निघत. त्या वैतागाची आता इतकी आठवण येई की दुपारी एकला ते दुकानातल्या फोनकडे बघत बसत.

"पार्ट मिळत नाही," त्यांनी मुलाला फोनवर सांगितलं होतं. मुलगा म्हणाला, "नाव सांगा, इकडे शोधतो." आता आली का पंचाईत! घड्याळजींनी तोंडाला येईल ते नाव ठोकून दिलं: तिसऱ्या चाकाची उलटी कमान. तसली कमान आजवर कुठल्याच घड्याळात बसलेली नव्हती. मुलगा बिचारा वर्षभर ती शोधत होता.

मुलाला गेल्या तीन वर्षांत एक नाद लागला होता. सुट्टी मिळाली की दूर डोंगरातल्या नदीवर जायचं, तंबू ठोकायचा, आणि खोटी माशी लावलेल्या गळानं ट्राउट नावाचा मासा पकडायचा. पकडायचा आणि सोडून द्यायचा. हे घड्याळजींच्या हिशेबात बसेना.

"सोडायचाच, तर पकडायचा कशाला?"

"तुम्ही तरी घड्याळं दुरुस्त करून परतच देता की," मुलगा म्हणाला. 

घराच्या मागच्या खोलीत मुलानं या नादासाठी एक टेबल मांडलं होतं. घड्याळजी पहिल्या दिवशी त्या खोलीत शिरले आणि उंबऱ्यातच थबकले. वाकवता येणारा दिवा. टेबलाच्या कडेला पकडून ठेवलेला छोटासा शिकंजा, त्यात नखाएवढा गळ. ओळीनं मांडलेले चिमटे. खणाखणांच्या खोक्यात पिसं, केस, रेशमाचे धागे. मुलगा त्या गळावर धाग्याचे वेढे देत देत पिसाची माशी उभी करत होता, आणि त्या वेळी त्याची जीभ किंचित बाहेर आली होती. घड्याळजींचीही काम करताना यायची. त्यावरून बायको चिडवायची. हे तर माझंच टेबल, त्यांना वाटलं, आणि उजवा हात त्यांनी खिशात आणखी खोल ढकलला.

"आपण दोघंच जाऊ दोन दिवस," मुलगा म्हणाला. "लहानपणी मी तुमच्या मागे लागायचो, नदीवर जाऊ, नदीवर जाऊ. तुम्ही म्हणायचात, रविवारी."

"मग?"

"मग रविवारी लोक घड्याळं घेऊन घरी यायचे."

घड्याळजींनी पिशवी भरली.

चार तास गाडी चालवून ते पोचले तेव्हा दुपार झाली होती. दरी रुंद होती, गवत गुडघ्याएवढं, आणि मधून नदी वाहत होती. फार खोल नाही, पण पाणी इतकं स्वच्छ की तळाचे गोटे मोजावेत. काठावर एक बाई वाट बघत उभी होती. वय साठीच्या पुढे, डोक्याला पुरुषी टोपी, चेहरा उन्हानं रापलेला. तिनं तीस वर्षं बस चालवली होती आणि निवृत्त झाल्यापासून ती लोकांना ही गळाची विद्या शिकवत होती. मुलगाही तिच्याच हाताखाली शिकलेला. घड्याळजींनी तिचं नाव ऐकलं, दोनदा उच्चारून बघितलं, आणि सरळ 'मास्तरीणबाई' म्हणून टाकलं. तिची भाषा त्यांना येत नव्हती. आकडे तेवढे कळत, बाकीचं मुलगा सांगे.

बाईंचा एक नियम होता: आपापली माशी आपणच बांधायची. गळाच्या काठीवरच्या जाड दोरीच्या टोकाला केसासारखं बारीक नायलॉनचं तंगूस असतं, ते माशीच्या गळातल्या इवल्याशा भोकातून ओवायचं, पाच वेढे द्यायचे, ओलं करून ओढायचं. दुसऱ्यानं बांधलेल्या गाठीवर मासा धरायचा नाही. तिनं घड्याळजींच्या समोर तंगूस आणि माशी धरली.

घड्याळजींनी हात खिशातच ठेवला.

"चष्मा गाडीत राहिला," घड्याळजी म्हणाले.

"डोक्यावर आहे," मुलगा म्हणाला.

"तो लांबचा."

मुलानं बापाकडे जरा निरखून बघितलं. "बाबा, केसाएवढी स्प्रिंग बसवणारे तुम्ही, आणि ही गाठ येत नाही?"

"वय झालं माझं. बांध ना तू, गुरूची परवानगी काढ!"

मुलानं गाठ बांधून दिली. मास्तरीणबाईंनी ते पाहिलं, खिशातल्या हाताकडेही पाहिलं, आणि नियम त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. तीस वर्षं आरशात मागची माणसं बघितलेली बाई ती.

आता काठी फेकायचा धडा. तो मात्र घड्याळाचाच निघाला. बाईंनी घड्याळजींच्या डाव्या बाजूला उभं राहून हवेत मोठं वर्तुळ काढलं आणि आकडे सांगितले. काठी म्हणजे घड्याळाचा काटा. पुढे आणली की दहावर थांबवायची, मागे नेली की दोनवर. मध्ये दमानं थांबायचं, दोरी मागे सरळ होईपर्यंत, आणि मग पुढे. घड्याळजी खुलले. परदेशात आल्यापासून पहिल्यांदा कुणी त्यांना त्यांच्या भाषेत काही सांगत होतं.

"दहा!" बाई म्हणाल्या.

घड्याळजींनी काठी झटक्यात मागे नेली. दोरी त्यांच्याच डोक्यावर येऊन बसली.

"दोन!"

काठी पुढे. दोरी बुटांत.

असं चारदा झालं. बाई दहा म्हणाल्या की यांचं मागे, दोन म्हणाल्या की पुढे. पाचव्यांदा माशी त्यांच्या कोटाच्या पाठीत अडकली, आणि बस चालवलेल्या त्या शांत बाईंच्या तोंडूनही काहीतरी निघालं, जे मुलानं समजावून सांगितलं नाही. मग मुलगाच एकदम कपाळावर हात मारून हसायला लागला.

"बाबा, तुम्ही घड्याळ कुठून बघताय?"

"कुठून म्हणजे? घड्याळ जिथून बघतात तिथून. पाठीमागून."

खरंच की! बेचाळीस वर्षं त्यांनी घड्याळ उपडं ठेवून, झाकण उघडून, यंत्राच्या बाजूनं बघितलं होतं. तबकडी गिऱ्हाइकासाठी. त्यांच्या डोक्यातल्या घड्याळात दहा उजवीकडे होते आणि दोन डावीकडे. मुलानं बाईंना हे समजावलं, तेव्हा त्यांनी टोपी काढली आणि मान लववली. मग त्या चालत घड्याळजींच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या. त्या बाजूनं सगळे आकडे जागच्या जागी बसले. शिष्याला बदलण्यापेक्षा आपण दोन पावलं चालणं सोपं, हे फार थोड्या मास्तरांना कळतं.

त्यानंतर मात्र घड्याळजींनी कमाल केली. मागे, थांब, पुढे, थांब. भिंतीवरच्या घड्याळाचा लोलक त्यांच्या खांद्यात होताच, त्याला फक्त काठी मिळाली होती. अख्ख्या दंडानं करायचं काम, त्यात कंपाला जागाच नव्हती. दोरी मागे सरळ होई, पुढे उलगडे आणि माशी पाण्यावर अलगद टेकू लागली. उजवा हात खिशाबाहेर होता, उन्हात होता, आणि शहाण्यासारखा वागत होता. दीड वर्षात त्यांना इतकं हलकं वाटलं नव्हतं. मासा एकही लागला नाही आणि त्याचं काडीचंही वाईट वाटलं नाही.

संध्याकाळी बाई आपल्या तंबूकडे गेल्या. बापलेक घडीच्या टेबलाशी बसले. गॅसच्या छोट्या शेगडीवर पाणी उकळत होतं. मुलानं वडिलांच्या मनगटाकडे बघितलं.

"अजून तिकडचीच वेळ? आठवडा झाला. द्या, इथली लावून देतो."

"राहू दे. घड्याळाला इथे राहायचं नाहीये," घड्याळजी म्हणाले. त्यांना वाटलं, बरं बोललो.

मुलानं चहा गाळला. पेला बापासमोर ठेवला. मग इतका वेळ मनात घोळवलेलं असल्यासारखा म्हणाला, "आईचं घड्याळ आणलंय?"

"आणलंय. पण तो पार्ट—"

"बाबा." मुलानं शेगडी बंद केली. "मी सहा दुकानं पालथी घातली. जुन्या घड्याळांचा संग्रह करणाऱ्या दोघांना पत्रं लिहिली. तुम्हाला ते घड्याळ मला द्यायचंच नाहीये. स्पष्ट सांगा ना. आई गेली तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचलो. ते तुमच्या मनात आहे. तुम्ही बोलत नाही, पण आहे. म्हणून ते तुमच्याकडे दुरुस्तीला पडलंय."

 असं काही कुणाच्या मनात येऊ शकतं, हेच घड्याळजींच्या मनात आलं नव्हतं. त्यांनी स्वतःचा हात लपवला होता, आणि पोरानं त्या झाकल्या जागी स्वतःचा गुन्हा ठेवून घेतला होता. सांगावं, आत्ता सांगावं. पण आतल्या खिशात तिकीट होतं, आणि जीभ तिकिटाच्या बाजूनं गेली.

"तसं काही नाही," ते एवढंच म्हणाले. हे वाक्य जगात कुणालाच कधी पटलेलं नाही. दोघंही लवकर आपापल्या स्लीपिंग बॅगेत शिरले आणि झोपल्याचं सोंग करत पडून राहिले.

सकाळी नदीवर धुकं होतं. ते विरलं तसे पाण्यावरून बारीक किडे उठू लागले आणि प्रवाहात इथे-तिथे गोल तरंग दिसू लागले. ट्राउट वर येऊन किडे टिपत होते. मुलानं न बोलता वडिलांच्या तंगुसाला माशी बांधून दिली. बाईंनी एका खडकाच्या मागचा तरंग दाखवला. घड्याळजी कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. मागे, थांब, पुढे. माशी खडकाच्या वर टेकली, वाहत खाली आली, आणि पाण्यानं तोंड उघडून ती गिळली.

पुढची पाच मिनिटं त्यांनी काय केलं ते त्यांना धड आठवत नव्हतं. बाई ओरडत होत्या, मुलगा ओरडत होता, "सैल सोडा! आता ओढा! सैल!" काठी वाकली, दोरी पाणी कापत गेली, आणि शेवटी बाईंच्या हातजाळीत हातभर लांबीचा मासा आला. अंगावर लाल ठिपके, पोट लोण्याच्या रंगाचं.

बाईंनी त्यांना हात ओले करायला लावले. कोरड्या हातानं माशाची कातडी दुखावते. मासा पाण्यातच उताणा करून त्यांच्या दोन्ही तळव्यांत दिला. उताणा केला की तो शांत होतो, त्या म्हणाल्या, आणि चिमट्यानं क्षणात गळ काढला. मग त्याला सुलटा करून, तोंड प्रवाहाकडे ठेवून धरायचं, दम परत येईपर्यंत. मुलगा शेजारी येऊन वाकला. घड्याळजींच्या हातांभोवती पाण्यावर बारीक बारीक तरंग उठत होते.

"बाबा, बघा किती थरथरतोय बिचारा," मुलगा म्हणाला. कालचं सगळं विसरून तो लहान पोरासारखा हसत होता.

हो रे, म्हणायचं फक्त. दोन अक्षरं. माशानं आपणहून सगळा आळ स्वतःवर घेतला होता. हात थरथरतोय की मासा, हे कुणालाही कळायची सोय नव्हती, आणि आजपासून बाविसाव्या दिवशी परतीचं विमान होतं.

घड्याळजींनी मुलाच्या तोंडाकडे बघितलं. दोन दिवस उशिरा पोचलेलं तोंड.

"तो नाही थरथरत," ते म्हणाले. "तो केव्हाचा शांत झालाय. मी थरथरतोय."

त्यांनी तळवे उघडले. माशानं शेपटी हलवली आणि तो खडकाच्या सावलीत निघून गेला. रिकामा हात पाण्यावर तसाच राहिला, आणि थरथरत राहिला. या खेपेला त्यांनी तो खिशात घातला नाही.

"थंडीनं?" मुलानं विचारलं, पण विचारतानाच त्याला कळलं असावं.

"दीड वर्ष झालं. बारीक काम धरलं की होतं. तुझ्या आईला माहीत होतं. शेवटी शेवटी शर्टाची बटणंही तीच लावायची." आता सुरू झालंच होतं, तर ते थांबले नाहीत. "तुझ्याबद्दल माझ्या मनात काही नाही रे. एवढंसं नाही. तू दोन विमानं बदलून धावत आलास. घड्याळ मी दिलं नाही कारण मला ते दुरुस्त करता येत नाही. चिमटा नेला की काटेच तुटायचे बाकी राहतात. आणि तिचं घड्याळ दुसऱ्या कुणाच्या टेबलावर मला ठेववेना."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू मला परत जाऊ दिलं नसतंस."

मुलगा यावर काही बोलला नाही. तो खोटंही बोलला नाही, याचं घड्याळजींना त्या क्षणीही बरं वाटलं. पाणी दोघांच्या पायांमधून वाहत होतं.

"आणि ती कमान?" जरा वेळानं त्यानं विचारलं. "तिसऱ्या चाकाची?"

"तसली कमान नसते."

"नसते?" मुलगा ताठ उभा राहिला. "बाबा, एका दुकानदारानं मला सांगितलं, होती माझ्याकडे, गेल्या महिन्यातच विकली!"

घड्याळजींना आधी ठसका लागला, मग हसू. मुलगाही हसायला लागला, आणि हसता हसता त्यानं तोंड फिरवून बाहीनं डोळे पुसले. मास्तरीणबाईंना कुणी काही समजावलं नव्हतं. त्या चहा टाकायला निघून गेल्या.

चहा झाल्यावर मुलानं घडीचं टेबल स्वच्छ पुसलं, त्यावर पांढरा रुमाल पसरला आणि हात पुढे केला. "द्या."

घड्याळजींनी डबी काढली. "मी सांगतो, तू कर."

"बिघडलं तर?"

"बिघडलेलंच आहे. आणखी काय बिघडवशील?"

मुलानं घड्याळ उपडं ठेवलं, फटीत चाकूचं पातं घालून पाठीचं झाकण उचललं, भिंग डोळ्याला लावलं. दरीतून वारा येत होता. घड्याळजी त्या बाजूला जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हातांनी कोटाचे पदर धरून त्यांनी आडोसा केला. त्या कामाला थरथरणारा हात चालत होता.

"काय दिसतं?"

"चाकं. खूप."

"सगळ्यात मोठं, झोका घेणारं, ते बघ. त्याखाली गुंडाळलेली स्प्रिंग. बाहेरून दुसरा वेढा धर. तिथे काही आहे?" त्यांना बघायची गरज नव्हती. सव्वा वर्षं ते रोज तेवढंच बघत आले होते. डोळे शाबूत होते, दुखणं हाताचं होतं.

"आहे. एक तंतू. निळा."

"तोच. पाच मिनिटांचं काम आहे ते. दम रोखू नकोस, दम रोखला की हात ताठतो. श्वास सोड आणि सोडता सोडता चिमटा घाल. तुझी माशी करतोस तसा."

मुलानं श्वास सोडला. त्याची जीभ किंचित बाहेर आली. घड्याळजी त्या जिभेकडे बघत राहिले, आणि चिमटा आत जाऊन बाहेर आला तेव्हा त्यांच्या लक्षातही आलं नाही. रुमालावर पापणीच्या केसाएवढा निळा तंतू पडला होता. मुलानं तो बघितला, मग वडिलांच्या कोटातून डोकावणारी स्वेटरची बाही बघितली. आईनं विणलेली, निळी.

"माझ्याच बाहीचा," घड्याळजी म्हणाले. "तिचं घड्याळ शेवटचं बरोबर करायला मी घेतलं ना, तेव्हा हात नुकताच हलायला लागला होता. तो टेकवायला गेलो आणि बाही आत लागली. मीच बंद पाडलं ते. तिनं विचारलं, झालं का? मी म्हटलं, पार्ट मागवलाय."

मुलानं चावी दिली. झोका घेणारं चाक एकदा अडखळलं आणि मग चालू लागलं. झाकण बसवून त्यानं घड्याळ वडिलांच्या कानाशी नेलं. घड्याळजींनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. 

आता वेळ लावायची राहिली. मुलाच्या मनगटावर घड्याळ होतं, इथल्या वेळेचं. त्यानं त्याकडे बघितलं नाही. त्यानं वडिलांचा हात कोटावरून सोडवून घेतला आणि घड्याळाचं मनगट आपल्याकडे वळवलं. तो डावा हातही जरासा हलत होता, म्हणून त्यानं तो घट्ट धरून ठेवला, काटे नीट दिसेपर्यंत. मग आईच्या घड्याळाची चावी ओढून त्यानं काटे फिरवले आणि घरच्या वेळेवर आणले.

चावी आत ढकलायची तेवढी बाकी होती. मुलानं ती ढकलली नाही. मोठा काटा त्यानं आणखी हळूहळू पुढे नेला, दहा मिनिटं, आणि मग चावी दाबून बसवली.

"हे माझ्याकडे राहील," तो म्हणाला. "इथे डॉक्टरांना दाखवू, औषध चालू करू, आणि मग तुम्ही जा. पण रोज जेवणाच्या वेळी मी दुकानात फोन करणार, हे बघून. शटर ओढायचं आणि निघायचं. कारणं ऐकून घेणार नाही." त्यानं तबकडी वडिलांपुढे धरली. "बरोबर आहे?"

बेचाळीस वर्षांत पुढे असलेल्या घड्याळाला घड्याळजींनी कधी बरोबर म्हटलं नव्हतं.

"अगदी बरोबर," ते म्हणाले.